खांद्यामागची गोळी

"खांद्याच्या मागे. अगदी पट्टीनं आखून मारावी तशी," फॉग्ट मास्तर तिसऱ्यांदा म्हणाले.

झेन्झी ओल्या गवतात गुडघे टेकून बसली होती. तिनं चिमटीत हाडाचा एक तुकडा उचलून उजेडात धरला. नखाएवढा, पांढरा, आतून पोकळ. पायाच्या नळीचा होता.

"मग या हरणाचा खांदा फारच खाली असणार, मास्तर."

"तुला शाळेतही धड दिसायचं नाही," मास्तर गुरगुरले, आणि खिशातून पेपरमिंट काढून तिच्या हातावर ठेवलं. राग आला की ते पेपरमिंट वाटायचे. झेन्झीनं ते नंतर खाऊ म्हणून खिशात टाकलं.

सत्तावीस वर्षं ती गावात टपाल वाटत होती. उरलेल्या वेळात ती आणि तिची तांबडी कुत्री वुर्झी दुसऱ्यांनी जखमी केलेली हरणं शोधायच्या. गोळी लागून हरीण पळालं, की शिकाऱ्यानं त्याच्या मागे जायचं नाही, जागेवर खूण करून मुकाट घरी जायचं आणि झेन्झीला फोन करायचा, असा रिवाज. मागे लागलं की जनावर उठतं आणि जखम घेऊन कोसभर पळतं. गावातल्या प्रत्येक शिकाऱ्यानं कधी ना कधी पडेल आवाजात तो फोन केला होता. अपवाद एकच. "एक्कावन्न वर्षांत मला कुत्रं बोलवावं लागलं नाही," हे मास्तरांचं वाक्य दर रविवारी गुत्त्याबाहेरच्या बाकांवर सगळ्यांना ऐकावं लागे. ऐकणारे सगळे त्यांचेच जुने विद्यार्थी, त्यामुळे उठून जायचीही सोय नव्हती.

आणि आज रविवारी, चर्चच्या घंटा वाजायच्या आत, तेच मास्तर तिच्या दारात उभे राहिले होते. हातात टोपी, दाढीची खुंटं वाढलेली. एकोणऐंशी वर्षांचा माणूस फोन न करता स्वतः चालत आला होता. काल संध्याकाळी गोळी लागल्यापासून ते हरीण मोडका पाय घेऊन कुठंतरी पडलं होतं. ते सापडायला हवं होतं, आणि आजच.

तिनं वुर्झीच्या गळपट्ट्याला लांब चामडी दोरी लावली. वुर्झीनं हाडाच्या तुकड्याचा वास घेतला, एकदा मास्तरांच्या बुटांचा घेतला, आणि नाक जमिनीला लावून निघाली.

"माझ्या बुटांचं काय हुंगते ही?"

"ओळख ठेवते."

तीनशे पावलांवर, फरच्या झाडाखाली, हरणाची बसकण सापडली. दबलेलं गवत आणि सुकलेलं रक्त. हरीण इथं शांत पडून राहिलं असतं, तर काम इथंच संपलं असतं. पण ते उठून गेलं होतं. आणि बसकणीच्या काठावर एक हिरवा, चंदेरी, चुरगळलेला कागद पडला होता.

झेन्झीनं तो उचलून नीट सपाट केला.

"या जंगलातली हरणं पेपरमिंट खायला लागली वाटतं."

मास्तर झाडाच्या शेंड्याकडे बघत राहिले.

"मास्तर, काल तुम्ही मागे आलात."

"वाटलं, इथंच कुठंतरी पडलं असेल. उचलून नेलं असतं. कुणाला..." ते थांबले. "उठलं आणि तीन पायांवर गेलं. मी बघत राहिलो."

झेन्झीला राग आला आणि कीवही आली. राग जास्त होता. "आम्हाला दहा वर्षं काय शिकवलंत? चूक झाली की काय करायचं?"

उत्तर तिला पाठ होतं. उभं राहायचं, हात वर करायचा, सरळ, कोपरात न वाकवता. आठ वर्षांची असताना तिनं वर्गातला पृथ्वीचा गोल फोडला होता आणि तासभर गप्प बसून शेवटी हात वर केला होता. मास्तर छडी घेऊन येतील म्हणून तिनं डोळे मिटले, तर त्या वर केलेल्या तळहातावर त्यांनी पेपरमिंट ठेवलं.

"चला," ती म्हणाली. "जाऊ दे. मी कुणाला सांगणार नाही."

"टपालवाली आणि सांगणार नाही!"

"टपालवालीच सांगत नाही. वाचते फक्त."

ओढ्यापाशी माग तुटला. वुर्झी पाण्यात उतरली, परत आली, काठाकाठानं खाली गेली, परत आली. नववं वर्ष होतं तिचं, मागचे पाय आखडायला लागले होते. मास्तर धापा टाकत एका दगडावर बसले. झेन्झीनं दोरी सैल सोडली आणि तोंडातून शब्द काढला नाही. अशा वेळी कुत्र्याला शिकवायला जाणारा माणूस मूर्ख असतो. अर्ध्या तासानं पलीकडच्या काठावर वुर्झीची शेपटी ताठ झाली.

दाट रोपांच्या पट्ट्यात शिरल्यावर पुढे काटक्या मोडल्या. झेन्झीनं दोरी सोडली. उतारावर धावपळ, आणि मग वुर्झीचं एका जागेवरचं खणखणीत भुंकणं. दोघं खुरडत पोचले, तेव्हा हरीण एका उलथलेल्या झाडाच्या मुळाला पाठ लावून शिंगं खाली करून उभं होतं.

"तुमचं हरीण, मास्तर," झेन्झी कुजबुजली.

मास्तरांनी बंदूक खांद्याला लावली नाही, तिच्यापुढे धरली. "तूच मार. काल मला दोन दिसत होती. डावीकडच्याला मारली."

"आणि चष्मा?"

"घरी. चष्म्यात म्हातारा दिसतो मी."

वुर्झी बाजूला झाली त्या क्षणी झेन्झीनं गोळी झाडली. हरीण जागीच बसलं. रानात एकदम शांत झालं.

मग जे करायचं असतं ते तिनं केलं. फरची एक डहाळी हरणाच्या तोंडात ठेवली, त्याचा शेवटचा घास म्हणून. दुसरी जखमेला टेकवून मास्तरांना दिली. शिकाऱ्यानं त्यातला तुकडा मोडून कुत्र्याला द्यायचा आणि उरलेली डहाळी टोपीत खोचून गावात जायचं, म्हणजे शिकार कुणाची ते गावाला कळतं. मास्तरांनी डहाळी हातात फिरवली. मोडली नाही. गुडघे कुरकुरत खाली बसले आणि सबंध डहाळी वुर्झीच्या गळपट्ट्यात खोचली. वुर्झीनं त्यांचं कान-नाक चाटून काढलं.

"अगं पुरे, पुरे! मार्क कापीन," मास्तर म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

दुपारी ते गावात शिरले तेव्हा प्रार्थना आटोपून सगळे बाकांवर बिअर घेऊन बसले होते. बेकरीवाला अलोइस लांबूनच ओरडला, "मास्तर, चर्चमध्ये दिसला नाहीत! आणि डहाळी कुत्रीच्या गळ्यात? तुमची टोपी रिकामी कशी?"

झेन्झीनं घाईघाईनं तोंड उघडलं. "मास्तर सहज पाय मोकळे करायला म्हणून माझ्याबरोबर..."

"खाली बस, झेन्झे," मास्तर म्हणाले. बसायला तिथं काही नव्हतं, तरी ती गप्प झाली.

मास्तरांनी टोपी काढून डाव्या हातात घेतली. जुन्या वर्गाकडे एकदा नजर फिरवली. आणि उजवा हात वर केला, सरळ.

कुणी हसलं नाही. अलोइसनं ग्लास खाली ठेवला. हात कोपरात वाकला नव्हता.

झेन्झीनं खिशात चाचपलं. मग टाचा उंचावून तिनं त्या तळहातावर पेपरमिंट ठेवलं.