चाळीस मिनिटांचे काम

"वाचायचं काय एवढं त्यात, शेजूळ मॅडम? सही करा अन् मोकळ्या व्हा."

प्लँट हेड अतुल सरांनी कागद टेबलावरून पुढे सरकवला आणि वर पेन ठेवले. तनुजा शेजूळने पेनला हात लावला नाही. कागद इंग्रजीत होता, तीन परिच्छेदांचा. अर्थ सरळ होता : संबंधित कर्मचाऱ्याने टेलिफोन सर्व्हरचे अपडेट वेळेत केले नाही, त्यामुळे अपघाताच्या वेळी आपत्कालीन फोन लागला नाही. खाली रेघ मारून तिचे नाव टाइप केलेले होते.

"हे कोणी लिहिलं?"

"हेड ऑफिसनं. आपल्याला फक्त पुढं पाठवायचंय."

तनुजाने पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

एकवीस वर्षांपूर्वी ती वैजापूरहून येऊन वाळूजच्या या कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागली. तेव्हा बाहेरचा प्रत्येक फोन तिच्या बोर्डावरून आत जायचा. सातशे माणसे तिला आवाजावरून माहीत होती. आठ वर्षांपूर्वी बोर्ड काढला. फोन, मेल, शॉपमधला, म्हणजे मशीनच्या शेडमधला, भोंगा असे सगळे एका सर्व्हरवर आले आणि बाकीच्या दोघी ऑपरेटर घरी गेल्या. तनुजा गेली नाही. रविवारी क्लास लावून, वहीत मराठीत टिपणे काढून ती तो सर्व्हर शिकली. परीक्षेत एकदा नापास झाली, दुसऱ्यांदा पास. तेव्हापासून त्या थंड खोलीतली पेटी तिच्या ताब्यात होती. फोन चालू असले की तिची कोणाला आठवण नसायची, आणि तिची त्याबद्दल तक्रारही नव्हती.

जूनमध्ये सर्व्हर बनवणाऱ्यांकडून सूचना आली. या आवृत्तीत दोष आहे. सर्व्हर बरेच महिने न थांबता चालला तर फोन करणाऱ्याच्या कानात रिंग वाजते, पण समोरचा फोन वाजतच नाही. त्यावर दुरुस्ती, म्हणजे अपडेट पॅच, तयार आहे, ती लावा. ती लावायला चाळीस मिनिटे सगळे फोन बंद ठेवावे लागणार होते आणि त्याला प्लँट हेडची परवानगी लागत होती.

तनुजाने मेल केला. उत्तर आले, महिनाअखेर आहे. जुलैत केला, ऑडिट आहे. मग मोठी ऑर्डर होती, मग पाहुणे येणार होते, मग दसऱ्यानंतर बघू. सातव्या मेलनंतर उत्तरे बंद झाली. एका मीटिंगमध्ये तिने विषय काढला तेव्हा अतुल सर सगळ्यांकडे बघून म्हणाले होते, "मॅडमचं टीव्हीच्या सिरियलसारखं आहे. कधीही लावा, तेच चालू." सगळे हसले होते. तिनेही थोडे हसून घेतले होते. त्या हसण्याची तिला आता किळस येत होती.

अकरावा मेल गेला आणि नवव्या दिवशी, मंगळवारी सकाळी, पत्रा दाबणाऱ्या प्रेसमध्ये कामगार कडुबा गाडेकरचा उजवा हात सापडला.

शॉपमध्ये मोबाइल न्यायला बंदी. भिंतीवर लाल फोन, त्यावर प्रथमोपचार खोलीचा तीनशे तेहतीस नंबर. शेजारच्या प्रेसवरच्या आकाशने तो फिरवला. कानात रिंग वाजली. त्याने वाट पाहिली, ठेवला, परत फिरवला. असे चार वेळा. प्रथमोपचार खोलीत नर्स फोनसमोरच बसून रजिस्टर लिहीत होती. तिचा फोन एकदाही वाजला नाही. शेवटी आकाश पळत सुटला. कंपनीची गाडी गेटवर उभी होती, ड्रायव्हर गाडीतच होता. तरी कडुबाला गेटबाहेर पडायला सव्वीस मिनिटे लागली. दवाखान्यात चार बोटे काढावी लागली. "इतका उशीर कसा केला?" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, असे सोबत गेलेल्या आकाशने येऊन सांगितले.

त्याच दुपारी तीन वाजता अतुल सर स्वतः सर्व्हर रूमच्या दारात आले. "लावा ते काय पॅच आहे ते. आत्ताच्या आत्ता."

तनुजाने लावले. अडतीस मिनिटे लागली. एक ट्रक अडला नाही, एक मशीन थांबले नाही. लोक चहा पीत होते. काम झाल्यावर तिने तीनशे तेहतीस फिरवला. दुसऱ्या रिंगला नर्सने उचलला. "हॅलो? हॅलो, कोण बोलतंय?" तनुजाने फोन ठेवला.

"तुम्ही अपडेट केलं नव्हतं, हे खरं की नाही?" अतुल सर आता विचारत होते.

"तुम्ही करू दिलं नव्हतं."

"पासवर्ड तुमच्याकडं होता ना? जेवणाच्या सुट्टीत उरकून टाकायचं. कोणाला कळणार होतं?"

हा घाव बरोबर बसला. गेले सहा दिवस ती स्वतःला हेच विचारत होती. पण त्यांच्या तोंडून ते ऐकताना तिच्या अंगाची लाही झाली.

"न विचारता केलं असतं अन् काही बिघडलं असतं, तर याच टेबलावर दुसरा कागद राहिला असता. त्याच्यावरही माझंच नाव असतं."

"आवाज खाली घ्या, मॅडम."

"एकवीस वर्षं खालीच होता, सर. म्हणूनच तुम्हाला ऐकू आला नाही."

"हे बघा, तुमच्या भल्यासाठी सांगतोय. सही केली तर वॉर्निंगवर मिटेल. नाहीतर चौकशी लागेल."

तनुजाने पेन उचलले. टाइप केलेल्या मजकुरावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोठ्या अक्षरात लिहिले : हे खोटे आहे. खाली सही केली, तारीख घातली आणि कागद परत सरकवला.

"सही पाहिजे होती ना? घ्या."

ती जागेवर येऊन बसेपर्यंत तिचे लॉगिन बंद झाले होते. दुसऱ्या दिवशी सर्व्हर रूमची किल्ली काढून घेतली आणि तिला स्टोअरमध्ये बसवले. पण अकरा मेल तिने आधीच छापून ठेवले होते.

रविवारी सकाळी ती दवाखान्यात गेली. कडुबा खाटेवर टेकून बसला होता. उजवा हात मनगटापासून पांढऱ्या बोचक्यासारखा बांधून वर टांगलेला. उशाशी त्याची बायको द्वारकाबाई मोसंबी सोलत होती.

"कंपनीतून आलात काय?" द्वारकाबाईने विचारले. "काल साहेबलोक येऊन गेले. म्हणले, टेलिफोनवाल्या बाईनं तिचं काम केलं नाय, म्हणून उशीर झाला."

"ती बाई मीच."

द्वारकाबाईच्या हातातली साल थांबली. ती उठून उभी राहिली. "अन् तोंड घेऊन इथं आलीस?"

"थांब," कडुबा म्हणाला. तो तनुजाकडे बघत होता. "आवाज वळखला म्या. तुमी बोर्डावर होता. आमची पोरगी झाली तवा बिडकीनहून फोन आलता, तुमीच शॉपमधी निरोप दिलता."

तनुजाने मान हलवली. मग पिशवीतून मेलचे कागद काढले, "अकरा आहेत" म्हणाली आणि एकेक वाचू लागली, इंग्रजीतले मराठीत सांगत. तारीख, विनंती, उत्तर. समोरच्या खाटेवरचा म्हाताराही कान देऊन ऐकू लागला. नववा मेल झाल्यावर द्वारकाबाईने अडवले.

"हे दर बारीला शेवटी काय म्हणती तू?"

"आपली नम्र."

"अकराबी बारी?"

"व्हय."

"कशाला गं एवढी नम्र? माझ्या माणसाचा हात गेला अन् तू नम्र! चुलीत घाल ती नम्रता."

तनुजाने उरलेले दोन मेल वाचले.

मग कडुबाने विचारले, "तुमी आरडला असता तर काय झालं असतं?"

"माहीत नाही. पण आरडायला पाहिजे होतं."

"पाहिजे होतं," तो म्हणाला. त्याने तिला माफ केले नाही आणि तिने ते मागितलेही नाही. तिने दुसरा कागद काढला. "कारखाना निरीक्षकांकडं द्यायचा अर्ज आहे. सगळं लिहिलंय, हे मेल जोडलेत. साक्षीदार म्हणून माझी सही केलीय. तुमची लागेल."

"तुमची नौकरी?"

"जाईल नाहीतर राहील. उद्या साडेदहाला मी स्वतः नेऊन देणार आहे. पोच घेतल्याशिवाय उठणार नाही."

द्वारकाबाईने अर्ज घेऊन वरून खाली पाहिला. तिला वाचता येत नव्हते, पण तिने प्रत्येक ओळीवरून बोट फिरवले. मग ती म्हणाली, "नर्सबाईला शाईचं पॅड मागून आणते. डाव्या हाताचा अंगठा चालंल ना?"

"अंगठा?" कडुबा एकदम कडाडला. "सातवी पास हाय मी! पेन द्या हिकडं."

तनुजाने जेवणाच्या डब्याचे झाकण अर्जाखाली धरले. कडुबाने पेन डाव्या मुठीत पकडले, लहान पोर पकडते तसे. कागद सरकत होता, तो द्वारकाबाईने दाबून धरला. 'क' काढायलाच त्याला मिनिटभर लागले. 'ड'चे पोट उलटे वळले. कपाळावर घाम आला. सलाइन बदलायला आलेली नर्स बाटली हातात धरून तशीच उभी राहिली.

नाव पुरे झाले. वरची रेघ तिरकी, उतारावरून घसरत गेलेली.

"एवढं पुष्कळ आहे, भाऊ," तनुजा म्हणाली. "आडनाव नाही लिहिलं तरी चालेल."

"नाय. पुरं लिवतो," कडुबा म्हणाला. त्याने पेन नीट धरले आणि पुन्हा कागदावर वाकला.