वीणेभोवतीची पिवळी रेघ

या, जरा जवळ सरका. टाळ बाजूला ठेवा, चहा येईल तेव्हा येईल. आज पुराणातली नाही, आपल्या पनवेलात घडलेली कथा सांगतो. सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या. अंगावरचा काटा अजून बसलेला नाही.

पनवेलजवळच्या आमच्या नेरे गावच्या सप्ताहात वीणा उभी असते. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण समाप्तीपर्यंत जमिनीला टेकत नाही. बुधाजी आमचा जुना विणेकरी. गेल्या वर्षी एकादशीच्या उपासात, वीणा गळ्यात असतानाच, त्याला चक्कर आली आणि तो कोसळला. एकच गलका! माणसाला उचललं, वीणा कुणाच्या तरी गळ्यात गेली, भजन चालू राहिलं. शुद्धीवर आल्या आल्या बुधाजीने विचारलं, "ईना टेकली का?"

जितकी तोंडं तितकी उत्तरं. त्याची बायको रंभाबाई शपथेवर सांगायची, "नाय टेकली." तो म्हणायचा, "तू बायांच्या रांगेत हुतीस, तुला काय दिसनार?" आपल्या हातून वीणा टेकली हे त्याने मनाशी धरलं ते धरलंच. मंदिराची पायरी चढणं सोडलं. कीर्तनाचा आवाज आला की दार लावून घ्यायचा. ज्याला अभंगाचं पहिलं अक्षर कानावर पडताच चालता पाय थांबवायची सवय, तो बुधाजी! यंदाचा सप्ताह उद्यावर आला तरी म्हणतो, "मी त्या ईनंला हात लावायच्या लायकीचा नाय."

आणि त्याच दिवशी, मंडळी, माझ्या पुतण्याला, प्रितेशला, जुन्या मोबाइलमध्ये नेमका त्या क्षणाचा फोटो सापडला! पण फोटो कसला? तपकिरी सतरंजी, तिच्यावर तपकिरी वीणा, भोवती धोतरांचं जंगल. वीणा कुठे संपते आणि सतरंजी कुठे सुरू होते, काही म्हणता काही कळेना.

मी रंभाबाईला घेतलं आणि थेट पनवेल गाठलं. आमच्या सप्ताहाचे बॅनर करते ती सुरैय्या. दाऊदभाईंची मुलगी, बापाचं दुकान आता तीच चालवते. म्हटलं, "बेटा, या वीणेभोवती रंगीत रेघ ओढ. म्हाताऱ्याला लांबून कळली पाहिजे."

"आउटलाइन ना? दोन मिनिटांचं काम, काका."

तिने क्लिक केलं. झर्रकन रेघ फिरली आणि वीणेबरोबर अर्धी सतरंजी पोटात घेऊन बसली. वीणेचा भोपळा जमिनीला चिकटलेला. रंभाबाई मटकन स्टुलावर बसली.

"मावशी, घाबरू नका. हे कॉम्प्युटरचं मत आहे, माझं नाही," सुरैय्या म्हणाली. "मी हाताने एकेक बिंदू देत जाते."

मी हळूच म्हटलं, "जरा सांभाळून हं, भोपळ्याखाली थोडी जागा..."

रंभाबाईने मला तिथेच अडवलं. "दीनाभाऊ, पोरीला काय शिकवू नका. टेकली आसंल तर टेकली दाखव गं. देवाच्या कामात लबाडी नको."

सुरैय्याने फोटो मोठा केला, उजेड वाढवला. दांडी सतरंजीपासून सुटली. खुंट्या सुटल्या. मग तिने कडेने कापलेली वीणा उचलली आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात सोडली.

मी ओरडलोच, "अगं, खाली ठेवू नकोस!"

"या अल्ला! काका, ही लेअर आहे, चित्राचा नुसता एक थर. इथे जमीन कुठे आलीय?"

"तरी उचल!"

हसत हसत तिने वीणा वर घेतली, जागच्या जागी बसवली. रंगावरून मी भगव्याचा हट्ट धरला. भगवा सतरंजीत विरघळून गेला. रंभाबाई म्हणाली, "हलदीसारका पिवला दे." दिला. वीणा लखकन उठली! पण रेघ इतकी जाड की भोपळ्याखालचं सगळं तिनेच झाकलं. सुरैय्या जाडीचा एकेक आकडा कमी करत गेली. रेघ बारीक झाली, आणखी बारीक झाली. मी पडद्यावर वाकलो. भोपळ्याच्या खाली, रेघेच्या पलीकडे, काहीतरी होतं. सतरंजी नव्हती.

"हात आहे!" सुरैय्या खुर्चीतून उठली. "काका, भोपळा हातावर आहे! बोटं बघा, चार! वीणा टेकलीच नाही!"

मी विठ्ठलाचं नाव घेत तिथेच टाळी वाजवली. रस्त्यावरचे दोघे आत डोकावले. "कुणाचा हात? कुणाचा?"

सुरैय्याने आणखी मोठं केलं. हिरव्या बांगड्या. मनगटावर तुळशीचं गोंदण. ती पडद्याकडे पाहत राहिली, मग टेबलावर टेकलेल्या रंभाबाईच्या हाताकडे. तेच गोंदण.

"मावशी... हे तुम्ही?"

रंभाबाईने हात पदरात ओढला. "हात माझा, ते मला ठावं नाय गं; टेकल्याचा आवाज आला नाय, येवढंच सांगत हुते. मी त्यांचं डोकं धराया धावले. दुसरा हात काय करीत हुता, ते त्यालाच ठावं."

प्रिंट घेऊन आम्ही रिक्षाने नेऱ्याला. बुधाजी ओटीवर बसला होता. मी फोटो त्याच्या पुढ्यात धरला. त्याने पिवळ्या रेघेवरून बोट फिरवलं, दांडीवरून खाली, भोपळ्याला वळसा घालून, आणि बोट थांबलं.

"ह्यो हात..."

त्याने मान वर केली. रंभाबाई दाराला टेकून उभी होती.

"आगं, सांगायचं नाय का वरीसभर?"

"सांगितलं ना, नाय टेकली म्हनून! तुमी ऐकता कवा माझं?"

म्हातारा हसला, रडला, पुन्हा हसला. मग डोईवरची टोपी सारखी करत म्हणाला, "दीना, ईनंचा पैला पहारा कोनाचा लावलायस? माझा लाव."

दुसऱ्या दिवशी त्याने वीणा घेतली आणि असा उभा राहिला, की काय सांगू! माणसं त्याच्या पाया पडत होती, तसा रिवाजच आहे. रंभाबाई बायांच्या रांगेत मागे टाळ्या वाजवत होती.

तर श्रोतेहो, एवढंच मागतो. यापुढे कुठेही विणेकऱ्याच्या पायावर डोकं ठेवाल, तेव्हा क्षणभर नेऱ्याच्या रंभाबाईची आठवण काढा.