माझ्या अंगावरचे थेंब

माझ्या काठाला एके ठिकाणी छोटीशी चोच आहे. करंगळीचे टोक जेमतेम मावेल एवढीच. साध्या पेल्यातून पाणी हळूच ओतून बघा, ते काठाला चिकटून पेल्याच्या पोटावरून ओघळते. माझ्या चोचीतून मात्र धार सरळ खाली उतरते. या चोचीमुळेच मला चंचुपात्र म्हणतात. मित्रांनो, मी काचेचे एक जुने चंचुपात्र आहे. एका दुपारी मी कचऱ्यात जाता जाता वाचले, आणि ते कसे, हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म भट्टीत झाला. साधी काच एका जागी तापली की तेवढीच फुगते, बाकीची फुगत नाही आणि या ओढाताणीत ती तडकते. माझ्या काचेत वाळूबरोबर बोरॉनही आहे, त्यामुळे मी तापले तरी फारसे फुगत नाही. आचेवर बसवले तरी शांत असते.

शहराला पाणी पुरवणाऱ्या केंद्राच्या प्रयोगशाळेत मी कामाला लागले. तिथे एक बाई पाणी तपासत असे. तिच्या भाचीचे ऐकून मीही तिला आत्याच म्हणते. नवी भांडी आली तरी ती म्हणायची, "मला हेच द्या, हातात नीट बसतं." पण घासून घासून माझ्या अंगावरच्या मापाच्या रेघा पुसट झाल्या आणि माझी रवानगी खालच्या खणात झाली. पुढे आत्याने मला घरी आणले. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीत मी चमचे सांभाळू लागले. काम हलके होते, पण पाणी मोजलेल्या पोटात चमचे खडखडले की मला जरा वाईट वाटे.

घरात आत्याचा भाऊ, वहिनी आणि भाची. मी त्यांना भाचीप्रमाणेच बाबा आणि आई म्हणते. भाचीला सगळे शंका म्हणत. ती खोलीत शिरली की बाबा हमखास म्हणत, "शंका आली, सांभाळा." फरशी आणि सतरंजी एकाच खोलीत असून फरशीच का गार लागते, असे ती विचारी. आत्या तिला दोन्हींवर एकेक पाय ठेवून उभी करी आणि सांगे, "फरशी तुझ्या पायाची ऊब भराभर ओढून घेते, सतरंजी घेत नाही. म्हणून फरशी गार वाटते."

शंकाला मात्र नुसती उत्तरे नको होती. मागच्या खोलीत मोडक्या खुर्च्या पडल्या होत्या. तिथे इमारतीतल्या मुलांनी स्वतःच्या हातांनी प्रयोग करावेत, असा ध्यास तिने घेतला होता. आत्याजवळ काचेची भांडी होतीच. शंकाने विचारले की आत्या म्हणे, "बघू." कामावर एका शिकाऊ मुलीचा तळहात फुटक्या काचेने चिरलेला आत्याने पाहिला होता. त्यामुळे प्रयोग ती स्वतः करी आणि मुलांना हात मागे बांधून उभे करी.

आता त्या दुपारकडे येते. हवा दमट होती, कपडे वाळत नव्हते. सरबतासाठी कुणीतरी मला पाण्याने भरून फ्रिजमध्ये ठेवले होते. बाहेर काढताच माझ्या अंगावर थेंब जमले आणि ओट्यावर ओघळ गेला.

"हे पाझरतंय," आई म्हणाली. "चीर गेली असणार. कुणाच्या हातात घुसायच्या आधी टाकून देते."

"माठही पाझरतो," बाबा म्हणाले. "त्याला कुठे टाकतो आपण?"

"माठ मातीचा आहे. तो पाझरतो म्हणून तर पाणी गार होतं. हे काचेचं आहे."

"मग घाम आला असेल. तू रागावलीस की मलाही येतो."

आईने हसू दाबले, पण मला उचलून कचऱ्याच्या डब्याकडे निघालीच.

"आत्या, मी शोधून काढू?" शंकाने विचारले. "मी. तू नाही."

आत्याच्या ओठांवर नेहमीचे "बघू" आलेच होते. पण आईचा पाय डब्याच्या झाकणाच्या खटक्यावर होता. "दोन्ही हातांनी धर," आत्या म्हणाली.

शंकाने माझ्यातल्या पाण्यात निळी शाई घातली. मला पुसले, गार केले, बाहेर आणले. पुन्हा थेंब. तिने ते पांढऱ्या कागदाने टिपले. कागद ओला झाला, निळा झाला नाही.

"आतलं पाणी नाही हे," ती म्हणाली. आवाज चढला होता.

"शाई आत अडकत असेल," आई म्हणाली. "पाणी तेवढं बाहेर येत असेल. गाळणीत नाही का, चहापत्ती राहते?"

हरकत चोख होती. मग एकदम शंकाने मला मोरीत ओतून रिकामे केले. साबणाने धुतले. माझे काठ निसटू लागले तशी आत्या दोन पावले पुढे आली आणि थांबली. तिने आपले हात पदरात गुंडाळून घेतले. शंकाने मला आतून-बाहेरून कोरडे पुसले आणि रिकामेच फ्रिजमध्ये ठेवले.

आत मी गारठत होते आणि बाहेर कुणी जागचे हलत नव्हते. दार उघडले. शंकाने मला उचलून ओट्यावर ठेवले. आधी माझ्या अंगावर धुके चढले. मग त्याचे बारीक थेंब झाले. ते एकमेकांत मिसळून मोठे झाले आणि एक थेंब सर्रकन खाली धावला.

"आत पाणीच नाही," शंका म्हणाली. "मग हे हवेतलं. हवेत आधीपासूनच होतं, दिसत नव्हतं."

"वाफ," आत्या म्हणाली. "गार काचेला लागली की तिचं पाणी होतं."

"अंघोळीनंतर आरसा धुरकट होतो, तेही हेच?"

"तेच."

आईने बोट माझ्या ओल्या अंगावरून फिरवले. "म्हणजे हवेतलं पाणी माझ्या ओट्यावर सांडत होतं, आणि मी बोल याला लावत होते."

मित्रांनो, एखादी जुनी वस्तू बिघडलीच असे ठरवण्याआधी तिला एकदा तरी तपासा. तिच्यावरचा आळ खोटाही असू शकतो.

आई मला पुसायला फडके शोधू लागली. आत्या शंकाच्या ओल्या, कुठेही न चिरलेल्या हातांकडे बघत होती. मग तिने पदरातून आपले हात मोकळे केले.

"मागची खोली या रविवारी रिकामी करू," ती म्हणाली. "आणि काच मुलांच्याच हातात द्यायची."