जोडून की तोडून

वहिनींनी कपड्यांचं दुकान काढलं, ते काही दिराला विचारून नव्हे. पण पाटी लागली त्याच दिवशी भाऊजी हजर झाले. कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेला माणूस. सगळी गल्ली त्यांना पाठीमागे 'स्वल्पविराम' म्हणायची, कारण ते बोलताना थांबायचे, पण संपायचे नाहीत.

पाटीवर इंग्रजीत दोन ओळी होत्या. वर 'एव्हरीडे वेअर', खाली 'ओपन एव्हरीडे'.

"वहिनी, वरचं बरोबर, खालचं चूक," भाऊजी म्हणाले. "वर ते विशेषण आहे. रोजचे कपडे. म्हणून जोडून. खाली अर्थ आहे दररोज. तिथं 'एव्हरी' वेगळं, 'डे' वेगळं."

"गिऱ्हाइकाला कळतंय ना?"

"कळायला काय, गाढवालाही कळेल. प्रश्न भाषेचा आहे."

वहिनींनी काणाडोळा केला. मग भाऊजींनी दुकानासमोर ठाणच मांडलं. येणाऱ्या प्रत्येक बाईला थांबवून ते पाटीकडे बोट दाखवत. एक जण गाऊन घ्यायला आली होती, ती विशेषण घेऊन परत गेली. दुसरीने त्यांना लांबून पाहूनच रस्ता ओलांडला. नीट समजावं म्हणून भाऊजी मराठीतून उदाहरण देत, "रोजचे कपडे, रोज उघडे." ते ऐकून दोन पोरी हसत सुटल्या. भाऊजींना वाटलं, व्याकरण पोचलं.

आठवडाभरात गिऱ्हाईक आटलं. वहिनींनी निमूटपणे पाटीवाल्याला बोलावलं, खालची अक्षरं उचकटून मधे जागा सोडायला लावली. भाऊजींनी चष्मा पुसून पाहिलं. नातू झाल्यासारखा चेहरा फुलला.

"आता कसं! उद्या येऊन 'वेअर'बद्दल बोलतो."

"नको भाऊजी," घड्या घालता घालता वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आमचे रोजचेच आहात. पण रोज येऊ नका. हे मात्र मी तोडूनच सांगते."

भाऊजींनी वाक्य मनात दोनदा उलटंपालटं केलं. चूक सापडेना. तसेच घरी गेले.

थोड्याच दिवसांनी धाकटी जाऊ दुकानात आली. चेहरा पार उतरलेला.

"वहिनी, दिवसभर घरातच असतात हो. काल भांडताना माझा एक शब्द चुकला, तर भांडण पहिल्यापासून करायला लावलं. जरा बोलवा ना त्यांना इकडे."

वहिनींना दया आली. त्यांनी जावेला खुर्ची दिली, चहा मागवला आणि दुकानात कामाला ठेवून घेतलं. भाऊजींना काही बोलावलं नाही.