साडेबारा व्होल्ट

बल्ब पेटत नव्हता असं म्हणता येत नव्हतं. मोटारीच्या पुढच्या दिव्याचा तो जुना बल्ब त्याने बोटीतल्या वायरीच्या टोकांना जोडून दोन बोटांत धरला होता आणि काचेच्या आतली तार लालसर झाली होती — इतकीच, की उन्हात ओंजळीचा आडोसा करून बघावं लागत होतं. बाजूला फळीवर मीटर पडला होता, त्यावर मघाशी साडेबारा व्होल्ट होते. आता चार. बल्ब सोडवला की पुन्हा साडेबारा, जोडला की चार... पाच वेळा सोडवला, पाच वेळा जोडला. आकडा काही ऐकेना.

अंगणात गाड्यावर चढवलेली ही बोट मुलीची. ती तलावावर लहान मुलांना वल्ही मारायला शिकवते. मुलं पुढे आपापल्या होड्यांत आणि ही त्यांच्या मागे, कुणी उलटलं तर उचलून घ्यायला. बोटीच्या तळाशी साठणारं पाणी बाहेर फेकायला एक पंप आहे, मुठीएवढा, आणि तो गेलं वर्षभर मनाला येईल तेव्हा बंद पडतो. वर्कशॉपमधल्या टेबलावर, बादलीत ठेवला की कसा झकास पाणी उडवतो. बोटीत गेला की रुसतो. आज चारला सहा मुलं पाण्यात उतरणार होती आणि आत्ता बारा वाजून गेले होते.

मीटर खोटं बोलत नाही, असं तो तिला म्हणाला होता. गेल्या वर्षी — ती संध्याकाळी घोट्यापर्यंत भिजलेली आली होती, केस विस्कटलेले. भर तलावात पंप थांबला, बोटीत दोन उचललेली पोरं, आणि ही डब्याने पाणी उपसतेय. त्याने तिथल्या तिथे वायरींच्या टोकांना मीटर लावला. साडेबारा. "हे बघ, वीज इथपर्यंत व्यवस्थित येतेय. तूच स्विच अर्धवट दाबतेस." ती म्हणाली, "दाबला असेन. बरं." त्यानंतर आणखी दोनदा तेच झालं, दोन्हीदा मीटर, दोन्हीदा साडेबारा, दोन्हीदा तिचं ते बरं. परवा चौथ्यांदा तिने काही सांगितलंसुद्धा नाही. बोट अंगणात लावली, "बघा जमलं तर," म्हणाली आणि आत आईशी बोलत बसली.

आणि कारखान्यात चाळीस वर्षं मीच घसा कोरडा करून सांगत आलो, की नुसत्या मीटरवर जाऊ नका, वायरीवर भार घाला, तिला काम सांगा आणि मग बघा तग धरते का. नव्या माणसाने एवढंही केलं नाही तर सगळ्यांसमोर त्याची हजेरी घ्यायचो. घरच्या पोरीच्या बाबतीत मात्र नुसता आकडा बघितला आणि मोकळा झालो. बल्ब तर सात वर्षं खणात पडून होता. काढायला किती वेळ लागला? दोन मिनिटं.

त्याने वायर ओढून काढली. चाकूने वरचं पिवळं आवरण सोललं तसा आतून हिरवा भुगा गळला, तांब्याच्या केसासारख्या तारा बोटांतच तुटल्या. धड अशी एखादीच उरली होती. मीटरला तेवढी पुरते, पंपाला कुठली पुरायला... पण तो बघत होता पिवळ्या रंगाकडे. वर्कशॉपच्या भिंतीवरून हीच वायर फिरलीय, उरलेलं भेंडोळं अजून खिळ्याला लटकतंय. बोट घेतली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "पाण्यातल्या कामाला कल्हईची तार न्या मास्तर, साधी सडते." आणि मास्तर हसले होते, तांबं ते तांबं, मला शिकवतो. पंपाचीच नव्हे, इंजिनाची, दिव्याची, सगळी वायर त्या भेंडोळ्यातली.

"सापडलं का? की बल्बलाच नजर लावून बसलाय?" बायको दारात चहा घेऊन उभी होती.

"स्विच," तो म्हणाला. तोंडातून असं सहज गेलं, की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

"बघा, मी म्हटलंच होतं, याही वेळी साडेबारा आणि स्विच, दुसरं काही निघायचं नाही. कळवते तिला, वाट बघत असेल."

फोनवरचं बायकोचं बोलणं खिडकीतून ऐकू आलं. ती परत आली तेव्हा त्याने विचारलं, "काय म्हणाली?"

"काय म्हणणार? बरं म्हणाली."

चहा निवला. तो वर्कशॉपात गेला, बाहेर आला, पुन्हा गेला. भेंडोळ्यातून हातभर तुकडा कापून जोडला असता तर पंप आज चालला असता, हा मोसम निघाला असता, कुणाला पत्ताही लागला नसता — पुढच्या आठवड्यात कल्हईची तार आणून गुपचूप सगळं बदललं असतं. आणि मधे इंजिन थांबलं तर? सहा पोरं. त्याने पक्कड उचलली, ठेवली. लाज वाटत होती, सरळ सांगायचं तर लाजच, आणि त्याहून जास्त राग — ही मुलगी माझ्याशी भांडली का नाही? वर्षभर सगळं खापर डोक्यावर घेऊन हिंडली. घोट्यापर्यंत पाणी लागलं होतं तिला, मला नाही. मग माझा आकडा तिने का मानला? लहानपणी सायकलवरून पडली तरी आधी माझ्याकडे बघायची आणि मग ठरवायची रडायचं का ते. हे त्याला तेव्हा कौतुकाने चारचौघांत सांगण्यासारखं वाटायचं.

तीनला ती आली. पिशवी खांद्यावरच होती.

"स्विचच होता ना? आता नीट दाबत जाईन."

त्याने खिशातून वायरीचा तुकडा काढला आणि तिच्या तळहातावर ठेवला. "स्विच नव्हता. कधीच नव्हता. ही मी घातली होती, साधी, घरातली. सगळ्या बोटीत हीच आहे. आज बोट न्यायची नाही."

तिने बोटाने तुकडा चोळला. हिरवा भुगा तळहातावर पसरला. ती तो बघत राहिली, मग त्याच्याकडे, आणि म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी, ती दोन पोरं..."

 त्याच्या हातात पक्कड नव्हती, मीटर नव्हता. हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. ती ओरडली असती तर चाललं असतं, निघून गेली असती तरी चाललं असतं. तिचे ओठ हलले. आता फक्त बरं म्हणू नकोस, एवढंच त्याला वाटत होतं.