माउसमधला भंडारा

इंदापुरात हिंदुराव आबांचा छापखाना होता आणि त्या छापखान्यात एकुलता एक कॉम्प्युटर होता. त्यावर बसायची म्हाळसा कोकरे. पोरगी बारावी पास, मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, आणि जिभेला अशी धार की मजकूर द्यायला आलेलं गिऱ्हाईक आधी आबांच्या कानाशी लागायचं, "आज बाईंचं डोकं ठिकाणावर हाय ना?" पण लग्नपत्रिका लावण्यात तिचा हात धरणारं तालुक्यात कुणी नव्हतं.

आता पत्रिका म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला वाटतं तेवढं सोपं नाही. नवरानवरीची नावं मधे कुठंतरी असतात, ती कुणी वाचत नाही. खरी पत्रिका त्याच्या खाली सुरू होते. निमंत्रक, स्वागतोत्सुक, कार्यवाहक, व्यवस्थापक, आणि सगळ्यात शेवटी बोबडं बोलून आग्रह करणारी पोरंटोरं. निमंत्रकांत कुणाचं नाव कुणाच्या वर, ह्यावरून सख्खे भाऊ बोलायचे बंद होतात. म्हाळसानं असल्या भांडणांत तीन वर्षं काढली होती. कुणी दमदाटी केली तर ती म्हणायची, "आधी घरात ठरवून या, मग हितं मिशा पिळा."

ह्या वैशाखात मात्र पत्रिका तिची स्वतःचीच होती. नवरा काटेवाडीचा सिद्धू, दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर. आणि म्हाळसानं एकच हट्ट धरला होता: निमंत्रक म्हणून पहिलं नाव आईचं, श्रीमती कुशाबाई सोपान कोकरे. बाप गेला तेव्हा म्हाळसा सहा वर्षांची होती. कुशाबाईनं आधी मेंढरं राखली, मग मेंढरं विकून दोन गाई घेतल्या, लोकाच्या उसात खुरपलं आणि पोरीला कॉलेजात घातलं. अशा बाईचं नाव कोपऱ्यात, मागं 'गं. भा.' चिकटवून छापायचं आणि वर चुलत्यानं मिरवायचं, हे म्हाळसाच्या डोक्यात बसत नव्हतं.

चुलता म्हणजे बिरूतात्या. माणूस वाईट नव्हता, पण भावकीत मोठा होता, आणि मोठेपण हा त्याचा एकमेव धंदा होता. सुपारी फुटली त्या दिवशी काटेवाडीचे पाहुणे म्हणाले, "आईचं नाव वर? घाला की, आमाला काय त्याचं!" पाहुण्यांपुढं नाही कसं म्हणायचं, म्हणून तात्यानं मान हलवली. म्हाळसानं शनिवारी संध्याकाळी नावं लावली, डोळ्यांनी तीनदा तपासली आणि म्हणाली, सोमवारी ट्रेसिंग काढू. एकदा ट्रेसिंगचा कागद निघाला, त्याची प्लेट झाली की मग भावकीचा बाप आला तरी अक्षर हलत नाही.

पण रविवारी बारामतीहून सूरज आला.

सूरज बारामतीत कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा आणि सगळ्या जगाला शिकवणीचा विद्यार्थी समजायचा. आबांनी कुठंतरी ऐकलं होतं की जुनी विंडोज आता म्हातारी झाली, पंच्याण्णव आलीय. पंच्याण्णव येऊन दोन वर्षं झाली होती, पण इंदापुराला यायला तिला उशीर झाला. सूरजनं दुपारपर्यंत ती घातली. पडद्यावर हिरवटनिळं रान उजाडलं, डाव्या हाताला चित्रं ओळीनं उभी राहिली, खाली राखाडी पट्टी आली. पहिल्याच चित्राखाली 'माय कॉम्प्युटर' लिहिलेलं बघून आबा भडकले.

"माय मंजी माझा ना? कुनाचा माझा? त्याचा का माझा?"

"तुमचाच, आबा."

"मग माझं नाव घाला की तितं. उगा संशय नगं."

नवी वस्तू आली म्हणजे नारळ आला. लेकीच्या हापिसात काय चाललंय बघायला कुशाबाई त्या दिवशी आली होती. आबांनी नारळ फोडला, मॉनिटरला कुंकू लावलं. कुशाबाईनं कमरेची पिशवी सोडली, मूठभर भंडारा काढला आणि "येळकोट येळकोट जय मल्हार!" म्हणून जो उधळला, तो कॉम्प्युटर, टेबल, सूरजचा इस्त्रीचा शर्ट, सगळं पिवळं झालं. सूरजनं तोंड वाकडं केलं. म्हाळसाला मात्र बरं वाटलं. तिनं फडक्यानं वरवर पुसलं आणि घरी गेली.

सोमवारी सकाळी दोन गोष्टी एकदम झाल्या. एक, तात्याचा फोन आला, "दुपारच्या यष्टीनं येतूय. पत्रिकेत जरासा बदल हाय." म्हाळसाला तो जरासा बदल कुठला ते विचारायची गरजच पडली नाही. दोन, तिनं माउस धरला आणि पडद्यावरचा बाण बाजूला जाईना. वर जायचा, खाली यायचा, पण डावीकडं म्हटलं की नुसता थरथरायचा. देवानं पाय दिलेत का काढून घेतलेत, असं तिला झालं. तिनं बटण दाबून धरलं, ओढलं, हिसके दिले, माउस टेबलावर आपटला. त्या झटापटीत खालची राखाडी पट्टीच गडप झाली. स्टार्टचं बटण तिच्यावरच होतं, तेही गेलं.

"आबा, पट्टी गेली!"

"कुठं गेली?"

"मला सांगून गेली असती तर आनली नसती का?"

आबांनी बारामतीला फोन लावला. फोन बाहेर गल्ल्यावर, कॉम्प्युटर आतल्या खोलीत, म्हणून सूरज आबांना सांगणार आणि आबा ओरडून म्हाळसाला.

"डेस्कटॉपवर काय दिसतंय म्हनतोय!" आबा ओरडले, आणि तिच्या उत्तराची वाट न बघता समोरच्या टेबलाकडं बघून फोनमध्ये सांगू लागले, "पानाचा डबा हाय, चहाचा कप हाय, पत्रिकांचं नमुनं हायती. काय? पडद्यावर व्हय! मग तसं बोला की राव."

"खाली बघा म्हनतोय!" पुन्हा आबा. ह्या वेळी स्वतःच फोन ठेवून आत आले, गुडघ्यावर बसून टेबलाखाली शिरले. "खाली तुजी चप्पल हाय आन् वायर हाय." परत जाऊन त्यांनी सूरजला तेच कळवलं. मग बराच वेळ ऐकून घेतलं आणि ते चिडले, "आवं, स्टार्ट दाबा, स्टार्ट दाबा काय लावलंय? मशीन सुरूच हाय की! बंद पडलेल्याला स्टार्ट करत्यात. चालू बैलाला परत काय चल म्हनायचं?"

शेवटी म्हाळसानंच येऊन फोन हिसकला. सूरजनं मास्तरकीच्या आवाजात निकाल दिला: सिस्टीम करप्ट झालीय. उद्या येतो, फॉरमॅट मारू, सगळं कोरं करून नवीन घालू.

"कोरं मंजी? माझी पत्रिका?"

"फ्लॉपीत ठेवलीय ना?"

फ्लॉपीत होती. पण फ्लॉपीत होती ती आधीची, सुपारीच्या अगोदर लावलेली. तिच्यात सगळ्यांत वर श्री. बिरू तात्याबा कोकरे होते आणि कुशाबाई खाली उजव्या कोपऱ्यात, गं. भा. पाहुण्यांदेखत ठरलेली पत्रिका फक्त त्या डब्यात होती. फॉरमॅट मारलं की ती गेली, आणि ती गेली की भावकी पुन्हा बसणार. ह्या खेपेला पाहुणे नसणार. आईचं नाव वर जायचं नाही हे म्हाळसाला सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ दिसलं.

"उद्या येऊ नका," ती म्हणाली. "आलात तर तंगडं मोडीन." आणि फोन आपटला.

आत जाऊन ती त्या मुडद्याकडं बघत बसली. बारा वाजले होते. यष्टी दीडला यायची. रडू आलं, ते तिनं गिळलं आणि रागारागानं माउस उचलून उलटा केला. पोटाला गोल झाकण होतं. झाकण फिरवलं तसा रबरी गोळा टपकन हातात आला. गोळा पिवळाधमक होता. आत बोटभर जागेत दोन बारकी रुळं होती. त्यातल्या एकावर भंडारा असा बसला होता की ते रूळ फिरतच नव्हतं.

म्हाळसा एकटीच हसत सुटली. आये, तूच गं! ज्या बाईचं नाव वर चढवायला तिनं भावकी अंगावर घेतली, त्याच बाईनं भक्तिभावानं कॉम्प्युटर जाम केला होता. आणि तो बारामतीचा पंडित म्हणतोय सिस्टीम करप्ट! तिनं दंडाची सेफ्टी पिन काढली, रूळ खरवडून काढलं, फुंकर मारली, गोळा पदराला पुसून आत बसवला. बाण शहाण्या पोरासारखा डावीकडं गेला, उजवीकडं आला.

राहिली पट्टी. म्हाळसानं विचार केला: गेली म्हणजे कुठं जाईल? आपल्याच हिसक्यानं गेली असंल तर आपल्याच हातानं येईल. बाण सावकाश पडद्याच्या तळाला नेला. अगदी कडेला केसाएवढी राखाडी रेघ होती. तिच्यावर बाण गेला तसं त्याला दोन्हीकडनं टोकं फुटली, एक वर, एक खाली. तिनं बटण धरून वर ओढलं आणि पट्टी स्टार्टसकट वर आली. म्हाळसानं एवढ्या जोरात टाळी वाजवली की आबा पानाला कात लावायचे थांबून आत आले. तिनं त्यांना पट्टी दोनदा खाली घालून, दोनदा वर काढून दाखवली. पत्रिका उघडली. आईचं नाव जागच्या जागी होतं.

आता प्रिंटर सुरू करायचा, ट्रेसिंगचा कागद घालायचा, दहा मिनिटांचं काम. ती कागद शोधत होती, तेवढ्यात दारात सावली पडली. तात्या कुणाच्या तरी जीपमधून लवकर आला होता. फेटा बांधलेला, चेहरा गंभीर, आणि मागं पदर सावरत कुशाबाई. तात्यानं तिला मुद्दाम बरोबर आणली होती.

"म्हाळसे, जरा ते नाव खाली घे," तात्या खुर्चीवर बसत म्हणाला. "पयलं माझं टाक. भावकी हसाय लागलीया. बाईच्या नावानं पत्रिका काढलीस तर आमी काय बांगड्या भरल्यात?"

"पाव्हण्यांसमोर व्हय म्हनाला व्हता तुमी."

"पाव्हण्यांसमोर मानूस काय बी म्हनतंय."

म्हाळसानं आईकडं बघितलं. कुशाबाई जमिनीकडं बघत होती. "घे बाई खाली," ती म्हणाली. "एका वळीवरनं कशाला वाकडं? भावजी मोठं हायती."

म्हाळसाला इतका राग आला की डोळ्यांपुढं अंधारी आली. तात्याचा कमी, आईचा जास्त. आयुष्यभर हेच. गाई हिनं पाळायच्या, आणि दुधाच्या डेअरीच्या मीटिंगला तात्यानं बसायचं. ती काही तरी वाकडं बोलणार होती, पण तिची नजर पडद्याकडं गेली आणि तिचा आवाज एकदम साखरेसारखा झाला.

"घेतलं असतं की, तात्या. पर येत न्हाय खाली."

"मंजी?"

"कालच नवी विंडोज घातली. सकाळधरनं बिघडलीया. छापाया देतीया, पर नाव हालवू देत न्हाय. बारामतीच्या सरांस्नी फोन झाला. म्हनलं, समदं पुसून पयल्यापासनं लावाय लागंल. लगीन तोवर हून जाईल. विचारा आबांस्नी."

तात्यानं आबांकडं बघितलं. पाचच मिनिटांपूर्वी ह्याच आबांनी ती पट्टी वर-खाली नाचताना बघितली होती. आबांनी पान एका गालातून दुसऱ्या गालात घेतलं. ते कुशाबाईकडं बघत होते.

"खरं हाय तात्या," ते म्हणाले. "ह्या पंच्याण्णवमधी एकदा वर गेलेलं खाली येत न्हाय."

तात्या उठून पडद्याजवळ आला. त्याला काही तरी पकडायचं होतं. एका चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "ही बादली कसली?"

"कचऱ्याची," म्हाळसा म्हणाली. "जबरदस्तीनं हालवाया गेलं की नाव तितं जाऊन पडतंय."

"कुनाचं?"

"जे वर जायला बघंल त्याचं."

तात्यानं बोट चटकन मागं घेतलं आणि खुर्चीत जाऊन बसला. "ऱ्हाऊ दे मग," तो पुटपुटला. "यंत्रापुढं कुनाचं काय चालतंय!"

म्हाळसानं कागद घातला. प्रिंटर घरघरला आणि ट्रेसिंग बाहेर आलं, अजून गरम. तिनं ते आईच्या हातात दिलं. कुशाबाई साक्षरतेच्या वर्गाला तीन महिने गेली होती. तिनं कागद उजेडाकडं धरला, बोट ठेवलं आणि ओठ हलवत एकेक अक्षर लावायला सुरुवात केली. श्री. म. ती. मग कु. शा. बा. ई. तिथं बोट थांबलं. परत मागं गेलं आणि परत एकदा तिथवर आलं.

"म्हाळसा," कुशाबाई म्हणाली.

"काय गं आये?"

"एवढंसंच? जरा मोठं न्हाय व्हय येत?"

आबांना ठसका लागला. म्हाळसानं तात्याकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं माउस धरला, आईची ओळ निवडून काळी केली, अक्षरांचा आकडा वाढवला, आणि कुशाबाईचं नाव नवऱ्यानवरीच्याही नावापेक्षा ठसठशीत झालं.

तात्या ताडकन उठला. "अगं ए! आत्ता म्हनलीस ना, हालत न्हाय म्हनून?"

"हालत न्हायच, तात्या," म्हाळसा दुसरा कागद घालत म्हणाली. "नुसतं वाढतंय."