अंग मोडेपर्यंत

नारिन गावातल्या बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या तळघरात जोलदोशची व्यायामशाळा होती. एकेकाळी त्याने वजन उचलण्याच्या स्पर्धा गाजवल्या होत्या. आता बावन्नाव्या वर्षी तो इतरांना शिकवायचा. सगळे त्याला मास्तर या अर्थाने ‘अगाय’ म्हणत. त्याची कसोटी एकच. तळघराच्या एकोणीस पायऱ्या ज्याला धड चढता आल्या, त्याचा व्यायाम झालाच नाही. त्याच्या गुरूने त्याला असंच घडवलं होतं, आणि त्यावर शंका घ्यावी असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

मार्चमध्ये बुरुलचा आली. वय छत्तीस, टपाल कचेरीत नोकरी, नवरा रशियात मजुरीला, घरी अर्धांगवायूने आडवी पडलेली सासू.

“अगाय, मला काही बारीकबिरीक व्हायचं नाहीये,” ती म्हणाली. “म्हातारीला पलंगावरून उचलून खुर्चीत बसवता आलं पाहिजे, एकटीला. शेजाऱ्यांना रोज रोज किती हाका मारायच्या?”

तिसऱ्याच दिवशी जोलदोशने तिच्या खांद्यावर वाळूची पिशवी दिली आणि बैठका मारायला लावल्या. साठाव्या बैठकीला ती थांबली.

“पाय लटपटतायत हो.”

“लटपटू दे. ताकद अशीच शिरते अंगात. चल!”

दीडशे झाल्यावर ती कोपऱ्यात जाऊन ओकली. पायऱ्या तिने हात टेकत टेकत चढल्या, तरी हसत. जोलदोशला समाधान वाटलं. पोरगी जिद्दीची आहे.

दोन दिवस ती फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज खोल गेलेला.

“अगाय, मांड्या दगडासारख्या झाल्यात. गुडघा वाकत नाही. दुखण्याच्या गोळ्या घेतल्या, फरक नाही.”

“होतं असं पहिल्यांदा. चांगलंच आहे.”

ती संकोचून म्हणाली, “कसं सांगू तुम्हाला... लघवी काळी होतेय. कोऱ्या चहासारखी.”

“पाणी पी भरपूर,” तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पण तो फोनपाशीच उभा राहिला. तरुणपणी सरावाच्या शिबिरात एका मुलाची लघवी अशीच काळी झाली होती. त्याला गाडीत घालून नेलं, आणि त्याचं पुढे काय झालं ते कुणीच कधी बोललं नाही. जोलदोशने इतक्या वर्षांत त्याची आठवण एकदाही काढली नव्हती. आता त्या मुलाचे सुजलेले पाय तेवढे डोळ्यांसमोर येत राहिले. कोट न घालताच तो गाडीत बसला.

दार नुसतं लोटलेलं होतं. बुरुलचा पलंगाशेजारी जमिनीवर पडली होती. सासूला पाणी द्यायला उठली आणि पाय गेले. पलंगावरून म्हातारी ओरडत होती, “आलास का पहिलवान! माझ्या सुनेला उचलायला शिकवत होतास ना? आता तिलाच उचल!”

त्याने उचललं. आयुष्यात त्याने याच्या कितीतरी पट वजन डोक्यावर पेललं होतं, पण दारातून बाहेर पडताना त्याला चौकटीला खांदा टेकावा लागला. शेजारणीला म्हातारीकडे बसवून त्याने गाडी इस्पितळाकडे काढली. रस्त्यावरचा बर्फ अजून वितळला नव्हता. मागच्या सीटवर ती कण्हत होती तोवर बरं होतं. कण्हणं थांबलं की तो मागे वळून बघायचा.

“बुरुलचा! बोलत राहा!”

“काय बोलू? अगाय, मी मरणार का?”

त्याने गाडी आणखी जोरात हाकली.

डॉक्टरीणबाई त्याच्या मुलीच्या वयाच्या होत्या. नळ्या लावून त्या बाहेर आल्या. “स्नायू फुटलेत. त्यातला कचरा रक्तात उतरून मूत्रपिंडांवर आलाय. त्यात वर त्या दुखण्याच्या गोळ्या, मूत्रपिंडांना आणखी त्रास! उद्यापर्यंत काही सांगता येणार नाही. एवढ्या बैठका कुणी मारायला लावल्या?”

बाकावर अजून चार माणसं बसली होती. जोलदोश उभा राहिला. “मी. मला वाटलं, माणूस गळून पडला म्हणजे व्यायाम लागू पडला.”

“गळून तर माणूस तापानेही पडतो, काका,” त्या म्हणाल्या. “तापाने कुणी पहिलवान झालाय का? महिन्याभरापूर्वी पेलत नव्हतं ते आज पेलतंय का, ते बघायचं.”

दोन दिवस, दोन रात्री जोलदोश त्या बाकावर बसून होता. परिचारिका दारातून बाहेर आली की तो उठून उभा राहायचा. तिच्या नवऱ्याला काय सांगायचं याची वाक्यं तो मनात जुळवायचा आणि तीही अर्ध्यावर तुटायची. तिसऱ्या दिवशी दुपारी परिचारिका म्हणाली, “लघवीचा रंग फिका झाला. मूत्रपिंडं वाचली.” तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

जूनमध्ये, डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिल्यावर, बुरुलचा पुन्हा तळघरात उतरली. त्याने तिच्या हातात चार किलोचं वजन दिलं. दहा बैठका झाल्यावर ते काढून घेतलं.

“एवढंच? अहो, मला घामसुद्धा आला नाही!”

“नको येऊ दे,” जोलदोश म्हणाला. “घरी जा. उद्या उठल्यावर आधी मला फोन कर.”

ती हसतच निघाली. पण तो हसला नाही. ती झपझप वर चढून गेली, आणि बाहेरचं दार वाजेपर्यंत तो जिन्याच्या तळाशी हात पुढे करून उभा होता, ती पडली तर झेलायला.